खान्देशातले कुरळे केस: जवस, भेंडी, केळं आणि बोअरचं पाणी

तापीकाठची

कुरळ्या केसांसाठी जे घरगुती उपाय फिरतात ते बहुतेक "एक केळं, दोन चमचे मध, अर्धी वाटी दही, अर्धा तास ठेवा, केस रेशमी" इथेच संपतात. किती लांबीच्या केसाला, कोणत्या पाण्याने धुवायचं, फसलं तर का फसलं, याचा पत्ता नसतो. त्यात आपल्याकडचं हवापाणी वेगळं. मे महिन्यात भुसावळला पारा ४५ च्या आसपास, हवा कोरडी ठाक, आणि बऱ्याच घरांत टाकीत बोअरचं पाणी. मुंबईच्या दमट हवेतला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही.

म्हणून या धाग्याच्या अटी: वस्तू स्वयंपाकघरातली किंवा किराण्यातली हवी. माप द्या. फसतं कुठे तेही लिहा. माप खांद्यापर्यंतच्या केसांचं धरू. मोठा चमचा म्हणजे १५ मिली, लहान म्हणजे ५ मिली. "आमच्या आजीचे केस गुडघ्यापर्यंत होते" हे नको, आजीला नमस्कार.

पांझरा_धुळे

मग जवसापासून सुरुवात करू. खान्देशात जवस चटणीसाठी घरात असतंच, आणि कुरळ्या केसांना स्वस्तात जे काही लावता येतं त्यात माझ्या मते पहिला नंबर त्याचा.

साहित्य: अख्खं कच्चं जवस ४ मोठे चमचे (साधारण ४० ग्रॅम), फिल्टरचं पाणी ५०० मिली. चटणीसाठी कुटून ठेवलेलं घेऊ नका. चिकट द्रव्य दाण्याच्या सालीत असतं, ते अख्ख्या दाण्यातून सुटतं. कुटलं की आतलं तेल आणि कोंडा दोन्ही जेलात उतरतात आणि गाळायचं नाव नको.

जवस खडे काढून एकदा धुवा. पातेलं जरा उंच घ्या, कारण उतू जातं. मध्यम आचेवर ठेवून ढवळत राहा, नाहीतर दाणे तळाशी बसून करपतात. पहिल्यांदा पांढरा फेस येतो, तो खरा जेल नव्हे. उकळी आल्यावर ६ ते ८ मिनिटांत बुडबुडे मोठे आणि सुस्त होतात. चमचा वर उचला: थेंब सुटा न पडता त्याच्यामागे तार लोंबली की गॅस बंद. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्याइतपत पातळ असतानाच थांबायचं. गार झाल्यावर तो आणखी घट्ट होतो. "अजून जरा घट्ट होऊ दे" म्हणत बारा-पंधरा मिनिटं उकळलं की दाणे आणि जेल यांची एकच लापशी होते. ती गाळता येत नाही, फेकावी लागते.

गाळायचं गरम असतानाच. इथेच बहुतेक जण फसतात. मलमलच्या कापडाची छिद्रं दोन मिनिटांत बुजतात आणि हात भाजतात. त्यापेक्षा धुतलेला पातळ नायलॉनचा पायमोजा घ्या, तो वाटीवर ताणून त्यात ओता, वर गाठ मारा आणि सांडशीने वरून खाली निपटत या. गाईचं दूध काढल्यासारखं. जेल पायमोज्यातून लांब तार धरून सुटतो. साधारण ३०० मिली मिळतो.

सातपुडा_पायथा

पायमोजा नसेल तर? आणि उरलेल्या चोथ्याचं काय?

पांझरा_धुळे

चहाची स्टीलची गाळणी चालते, पण मग जेल थोडा पातळ असतानाच, म्हणजे उकळीनंतर पाचव्या मिनिटाला गाळा. चोथा एका वाटी पाण्यात परत उकळला तर पातळसा दुसरा काढा निघतो. तो बसवायला नाही, पण गुंता सोडवताना फवारायला चांगला. तिसऱ्यांदा काही निघत नाही.

टिकण्याबद्दल: हे उकडलेलं अन्न आहे, त्यात टिकाऊ द्रव्य काही नाही. फ्रिजमध्ये ७ दिवस. बाहेर उन्हाळ्यात एका दिवसात आंबतं. बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवलं तर महिनाभर जातं, लागेल तेवढे खडे आदल्या रात्री खालच्या कप्प्यात काढून ठेवायचे. सुवासासाठी तेलाचे दोन थेंब टाकल्याने जेल टिकत नाही, वास फक्त झाकला जातो.

लावायचं केस निथळत असताना. टॉवेलने पुसून मग नव्हे. केसांचे चार भाग करा, प्रत्येकाला अर्धा मोठा चमचा. दोन तळव्यांमध्ये बट धरून वरून खाली फिरवा, मग टोकाकडून मुठीत घेऊन वर दाबा. पाणी ठिबकलं पाहिजे. नंतर जुन्या सुती टी-शर्टात केस बांधून १५ मिनिटं ठेवा आणि मोकळे सोडा. पूर्ण वाळेपर्यंत हात लावायचा नाही. वाळल्यावर केस पापडासारखे कडक लागतात. घाबरू नका, ते तसंच व्हायला हवं. तळव्यावर खोबरेल तेलाचे दोन-तीन थेंब चोळून मुठीने दाबलं की कडकपणा मोडतो आणि वळसा तसाच राहतो.

पांढरी पपडी पडली तर तीन कारणं: जेल जास्त झाला, केस अर्धवट वाळल्यावर लावला, किंवा खालच्या कंडिशनरशी त्याचं जमलं नाही. तिसरं आधीच तपासता येतं. तळव्यावर दोन्ही थोडं थोडं घेऊन बोटाने मिसळा. गुळगुळीत राहिलं तर ठीक. फाटलेल्या दुधासारखे कण दिसले तर ती जोडी केसावरही तशीच फाटणार.

केळीचा_घड

जळगावच्या केळीला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, रावेर-यावल-चोपड्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बागा, जास्त पिकलेला माल मातीमोल भावात मिळतो, आणि तुम्ही सुरुवात करता जवसापासून! केळ्यात पोटॅशियम असतं, केसांना पोषण मिळतं. यावर लिहा कोणीतरी.

कळण्याची_भाकरी

लिहिते जिभाऊ, पण आवडणार नाही तुम्हाला. केळं खावानं, डोकाले लावानं नही.

टाळूच्या बाहेर आलेला केस मेलेला असतो. त्याला वरून पोटॅशियम चारता येत नाही. केळ्याच्या गरातून केसाला मिळते ती फक्त साखर, म्हणजे थोडा ओलावा धरणारी वस्तू, आणि गराचा बुळबुळीतपणा. दोन्ही गोष्टी जवसातून कमी कटकटीत मिळतात.

कटकट कसली ते सांगते. सरळ केसावरून गर घसरून जातो. कुरळ्या केसात प्रत्येक वळशाला एक खोबण असते, त्यात गराचे तंतू आणि मधले ते बारीक काळे ठिपके अडकतात. ओलं असताना दिसत नाहीत. वाळले की तपकिरी चुऱ्यासारखे दिसतात आणि कंगव्याने काढायला गेलं की केस तुटतो. काट्याने कुस्करून लावलेल्या केळ्याचं हे ठरलेलं आहे. मिक्सरमधून काढलं तरी पूर्ण सुटका नाही.

करायचंच असेल तर असं: सालीवर काळे डाग पडलेलं एक केळं, ३ मोठे चमचे पाणी, २ लहान चमचे खोबरेल. मिक्सरमध्ये पूर्ण दोन मिनिटं. मग मैद्याच्या बारीक चाळणीतून चमच्याने घासून गाळा. चाळणीवर जे उरतं तेच केसात राहिलं असतं. ओल्या केसाला लावा, वरून प्लास्टिकची टोपी, २० मिनिटं. टोपी महत्त्वाची, केसावर वाळलं की संपलं. धुताना आधी नुसतं पाणी, मग कंडिशनर भरपूर लावून मोठ्या दातांच्या कंगव्याने पाण्याच्या धारेखाली. शॅम्पूने थेट धुतलं तर बारीक कण आणखी गुंत्यात जाऊन बसतात. आणि मोरीच्या जाळीवर कापड टाका.

एवढं करून हाती येतं ते दोन दिवसांचं मऊपण.

केळीचा_घड

पटलं नाही, पण चाळणीचा मुद्दा मान्य. काट्यानेच कुस्करत आलो सगळे.

गिरणा३६५

ताई, तुम्ही सगळे लेपावर बोलताय, पाण्यावर कोणी बोलत नाहीये. निम्मी तक्रार लेपाची नसतेच.

कुलरची जाळी बघा एकदा. एका उन्हाळ्यात गवतावर जो पांढरा खरबरीत थर चढतो ना, तो पाण्यातला चुना. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. प्रत्येक धुण्याला त्याचा अंश केसावरही बसतो. केस वाळल्यावर रखरखीत, वळसा उलगडलेला, तेल लावलं तरी आत जात नाही, जवसाचा जेल लावला तरी दुसऱ्या दिवशी भुसा. मग लोक म्हणतात जवस चालत नाही.

पाणी तपासायला यंत्र लागत नाही. पारदर्शक बाटलीत अर्धी बाटली पाणी, त्यात धुण्याच्या साबणाचा नखाएवढा तुकडा किसून टाका, बूच लावून वीस वेळा हलवा. जाड फेस येऊन टिकला तर पाणी मऊ. पाणी दुधाळ होऊन वर दह्यासारखी साय तरंगली तर जड. शेजारी दुसऱ्या बाटलीत आरओच्या पाण्याने तेच करून पाहा, फरक लगेच दिसतो. टीडीएसचा आकडा यासाठी पुरत नाही. तो सगळ्या क्षारांची बेरीज सांगतो, त्यात चुना किती ते सांगत नाही.

त्या दुधाळ सायीमुळेच अंगाच्या साबणवडीने केस धुवायचे नाहीत. साबण आणि चुना मिळून जो चिकट मळ होतो तो पाण्यात विरघळत नाही, वळशात जाऊन बसतो. शॅम्पूने आणि शिकेकाई-रिठ्याने तसा मळ होत नाही.

उपाय लिंबूसत्त्वाचा, म्हणजे किराण्यात मिळतं ते सायट्रिक ॲसिड. १ लिटर बोअरच्या पाण्यात पाव लहान चमचा, साधारण १ ग्रॅम. शॅम्पूनंतर, कंडिशनरच्या आधी, डोळे मिटून केसांवरून सावकाश ओता, दोन मिनिटं थांबा, धुऊन टाका. पंधरा दिवसांतून एकदा. रोज नको, केस कोरडे पडतात. आरओच्या पाण्यात करणार असाल तर सत्त्व निम्मं करा: बोअरच्या पाण्यातला चुना थोडं आम्ल खाऊन टाकतो, आरओमध्ये खायला काही नसतं म्हणून तेवढंच सत्त्व जास्त आंबट लागू पडतं.

सत्त्व नसेल तर पांढरा व्हिनेगर १ मोठा चमचा १ लिटरला. पण चुना पकडून काढायला सत्त्व जास्त बरं.

आणि एक. मोरीत शहाबादी फरशी असेल तर ओतल्यावर लगेच भरपूर पाणी टाका. शहाबादी म्हणजे चुनखडीच, आम्लाने तिची चकाकी जाते. नंतर घरात बोलणी.

अनेर

भाऊ, आरओचं जे वाया जाणारं पाणी बादलीत साठवतो त्याने केस धुतले तर चालतात का? फुकटचं असतं.

गिरणा३६५

अजिबात नको! आरओने गाळून बाजूला काढलेले क्षार त्याच पाण्यात असतात. बोअरपेक्षा ते पाणी जड. फरशी पुसा, संडासला टाका.

फुकटचं हवं तर पावसाचं. पहिले दोन-तीन पाऊस गच्चीची धूळ धुऊन जाऊ द्या, मग पन्हाळीखाली धरा. त्याच्याइतकं मऊ पाणी विकतही मिळत नाही. बाकीच्या दिवसांत पूर्ण अंघोळ कशानेही करा, शेवटचा १ लिटरचा तांब्या फक्त आरओचा किंवा उकळून गाळलेल्या पाण्याचा घ्या. उकळल्याने काही चुना तळाशी बसतो, वरचं निवळ पाणी हळूच ओतून घ्यायचं, तळ ढवळायचा नाही.

सातपुडा_पायथा

लिंबू पिळलं तर? आंबटच ना तेही.

तापीकाठची

चालतं. १ मोठा चमचा रस १ लिटरला, पण मलमलमधून गाळून, नाहीतर गराचे कण केळ्यासारखाच त्रास देतात. आणि नीट धुऊन टाकल्याशिवाय उन्हात जायचं नाही. कपाळावर किंवा मानेवर लिंबाचा रस राहिला आणि आपलं एप्रिलचं ऊन लागलं की त्वचेवर भाजल्यासारखे काळे डाग उठतात, महिनोन्महिने जात नाहीत. थेट लिंबाची फोड टाळूवर घासणं हा तर वेडेपणा.

खाण्याच्या सोड्याने "केस साफ होतात" असंही फिरतं. सोडा आम्लाच्या उलटा, केसाचे खवले उघडतो आणि कुरळा केस आणखी राठ करतो. तो ढोकळ्यात राहू दे.

कळण्याची_भाकरी

आता मुख्य गोष्ट लिहिते, जी घरगुती उपायांच्या चर्चेत कोणाला ऐकायची नसते.

जवस, भेंडी, कोरफड, जास्वंद, मेथी या सगळ्यांतून मिळतो तो चिकट बुळबुळीत रस. तो केसाला पाणी धरून ठेवायला मदत करतो, गुंता सोडवायला घसरण देतो, वळसा बसवतो. पण धुतला की गेला. दुकानातल्या कंडिशनरमध्ये धन भार असलेली द्रव्यं असतात. झिजलेल्या केसावर ऋण भार असतो, म्हणून ती द्रव्यं केसाला धरून बसतात आणि पाण्याने पूर्ण निघत नाहीत. हे काम स्वयंपाकघरातली कुठलीच वस्तू करत नाही. वेष्टनावर बेहेंट्रिमोनियम क्लोराइड किंवा सेट्रिमोनियम क्लोराइड आणि सोबत सिटाइल किंवा सिटेअरिल अल्कोहोल दिसलं की तो कंडिशनर कामाचा. हे अल्कोहोल म्हणजे स्पिरिट नव्हे, मेणासारखं मऊ द्रव्य आहे, नाव वाचून घाबरू नका. महागड्या बाटलीत आणि दोन-चार रुपयांच्या पाऊचमध्ये या बाबतीत फारसा फरक नसतो.

म्हणून स्वस्तातला सगळ्यात चांगला प्रयोग म्हणजे दोघांची सांगड. एक पाऊच कंडिशनर + ३ मोठे चमचे भेंडीचा रस, त्याच वेळी मिसळून त्याच वेळी संपवायचं. मिसळून ठेवलं तर कंडिशनरमधलं टिकाऊ द्रव्य एवढ्या रसाला पुरत नाही आणि बुरशी येते.

लावण्याची पद्धत मात्र नीट. ओल्या केसाला मिश्रण लावा, ओंजळीत थोडं पाणी घ्या, केस त्यात बुडवून मुठीने दाबा. पुन्हा पाणी, पुन्हा दाबा. कानाशी पचपच असा आवाज यायला लागतो, चिखलात पाय रुतल्यासारखा. तो आवाज येईपर्यंत पाणी कमी आहे असं समजा. मग बोटांनी, टोकाकडून वर येत गुंता सोडवा. मुळापासून खाली ओढलं की सगळा गुंता एका गाठीत जमतो.

पांझरा_धुळे

भेंडीचं मापही टाका ना ताई.

कळण्याची_भाकरी

ताज्या भेंड्या ८, धुऊन पुसून गोल चकत्या. पाणी ४०० मिली. उकळी आल्यावर मंद आचेवर १० मिनिटं. बिया आणि लव दोन्ही केसात नकोत, म्हणून कोमट झाल्यावर कापडातून पिळा. जवसापेक्षा हा रस सैल असतो, त्यामुळे मलमल चालते. फ्रिजमध्ये ३ दिवस, त्यापुढे वास येतो. वळसा बसवायच्या कामात भेंडी जवसाच्या मागे आहे, पण गुंता सोडवण्यात पुढे. शाळेत जाणाऱ्या मुलींच्या केसांना हीच बरी, रडारड कमी.

जास्वंदीची पानं १५-२० पाण्यात चुरगळली तरी असाच रस सुटतो, न उकळता. फक्त गाळा, पानांचा चुरा राहतो.

कोरफडीबद्दल एकच सांगते, कारण चूक सगळीकडे तीच होते. पान कापल्यावर देठाकडून पिवळा चीक गळतो. पान वाटीत उभं करून २० मिनिटं तो गळू द्या, मग साल काढून गर धुवा. तो चीक टाळूला लागला की खाज सुटते आणि लोक म्हणतात कोरफड सोसत नाही. गर मिक्सरमधून काढून गाळायचा, आणि ३ दिवसांत संपवायचा.

अनेर

मेथीदाण्याचं कोणी लिहिलं नाही.

तापीकाठची

२ मोठे चमचे मेथी १ वाटी पाण्यात रात्रभर. सकाळी वाटून कापडातून गाळा, नुसता चिकट रस वापरा. वाटलेला लेप थेट लावला तर टरफलं निघत नाहीत. वास दोन दिवस मुक्काम करतो, लाडूंच्या डब्यात डोकं घातल्यासारखा.

एक सावधगिरी: शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्यांपैकी काहींना मेथीचाही त्रास होतो, दोन्ही एकाच कुळातली. आपल्याकडे जेवणात शेंगदाणा असतोच, त्यामुळे घरात कोणाला तशी ॲलर्जी असेल तर ते माहीत असतं. अशांनी मेथी टाळावी. आणि कुठलीही नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबून पाहा.

सातपुडा_पायथा

तेलाचं काय? आमच्या भागात घाण्याचं शेंगदाणा तेल स्वस्त आणि ताजं मिळतं. खोबरेलच का?

गिरणा३६५

कारण खोबरेल केसाच्या आत शिरतं. त्यातलं लॉरिक आम्ल आकाराने लहान आणि सरळ साखळीचं आहे. रेले आणि मोहिले यांचा २००३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. त्यात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. केसातली प्रथिनं धुण्यात कमी जावीत हे काम फक्त खोबरेलाने केलं, धुण्याआधी लावलं तरी आणि नंतर लावलं तरी. शेंगदाणा तेल त्या तुलनेत नव्हतं, पण त्यातली मेदाम्लं मोठ्या साखळीची आहेत. ते वर चमक आणि घसरण देईल, आत शिरण्यात खोबरेलाची बरोबरी करणार नाही. घाण्याचं शेंगदाणा तेल भाजीत घाला.

प्रमाण: धुण्याआधी एक-दोन तास, दीड ते दोन लहान चमचे, फक्त केसांच्या मधल्या भागाला आणि टोकांना. डोकं तेलाने निथळतंय म्हणजे फायदा जास्त असं नसतं. जेवढं जास्त तेल तेवढा जास्त शॅम्पू, आणि शॅम्पूने पुन्हा कोरडं. हिवाळ्यात तेल थिजलं तर वाटी गरम पाण्यात ठेवा, थेट गॅसवर नको.

कोंडा असेल तर टाळूला तेल नकोच. कोंड्यामागची यीस्ट तेलावरच जगते, रात्रभर तेल म्हणजे तिला मेजवानी.

केळीचा_घड

एरंडेल? दाट होतात म्हणे केस.

गिरणा३६५

दाट होतात याला आधार नाही. एरंडेल इतकं घट्ट की कुरळ्या केसात नुसतं चोळलं की केस एकमेकांना चिकटून जट बसते, आणि लांब केसात ती जट कधीकधी कापूनच काढावी लागते. वापरायचंच तर १ भाग एरंडेल, ४ भाग खोबरेल, आणि चोळायचं नाही, बोटांनी वरून खाली पुसायचं.

अनेर

अंडं आणि दही राहिलं.

कळण्याची_भाकरी

अंड्यातली प्रथिनं आकाराने इतकी मोठी की केसात शिरत नाहीत. वर थर बसतो, आणि कडक गरम पाण्याने धुतलं की डोक्यात भुर्जी. दह्याचंही प्रथिनांच्या नावाने कौतुक करू नका, त्याचा उपयोग आंबटपणाचा: ४ मोठे चमचे ताजं दही फेटून, गाळून, १५ मिनिटं, गार पाण्याने धुवा. जड पाण्याने राठ झालेल्या केसाला थोडा फरक पडतो. लिंबूसत्त्वाने तोच फरक काही पैशांत पडतो, वासाशिवाय.

तांदळाचं पाणीही सध्या जोरात आहे. धुवणाचं पाणी लावल्यावर केस आधी भरीव वाटतात, पण आठवड्याला दोनदा लावलं की पिठूळ थर चढून कडक होतात. महिन्यातून एकदा पुरे.

केसाला काय हवं ते ओळखायला एक ओला केस दोन बोटांत धरून हळू ताणा. साधारण तिसऱ्या हिश्शापर्यंत ताणला जाऊन परत आला तर ठीक. न ताणता टचकन तुटला तर कोरडा आहे, कंडिशनर आणि तेल वाढवा, तांदळाचं पाणी बंद. ओल्या शेवयासारखा लांबत जाऊन परतच आला नाही तर तो आतून खिळखिळा झालाय. रंग, ब्लीच किंवा स्ट्रेटनिंग झालेला केस असा वागतो. त्याला मऊ करणारे लेप थांबवा आणि टोकं कापा.

सातपुडा_पायथा

मध आणि ग्लिसरीन?

तापीकाठची

ऋतू बघून. दोन्ही पाणी ओढणाऱ्या वस्तू. पावसाळ्याच्या शेवटी, हिवाळ्याच्या तोंडावर, हवेत मध्यम ओलावा असताना २०० मिली पाण्यात १ लहान चमचा ग्लिसरीन फवारलं तर छान. मे महिन्याच्या लू मध्ये हवेत ओढायला पाणीच नसतं, मग ते केसातलंच ओढून बाहेर घालवतात. भर पावसाळ्यात उलट, इतकं ओढतात की केस फुगून पिंजारतात. एप्रिल ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत ग्लिसरीन कपाटात, आणि जेलनंतर तेलाचा एखादा थेंब जास्त.

आणखी एक, लेपाशी संबंध नसलेलं. दुचाकीवर आपण सुती स्कार्फ डोक्याला करकचून गुंडाळतो. उन्हासाठी हवाच. पण सुती कापड केसातली ओल शोषतं आणि तासभर घासत राहतं. कापडाच्या दुकानातून अस्तराचं सॅटिन अर्धा मीटर घ्या, त्याचा चौकोन करून आधी तो केसांवर, मग वरून स्कार्फ. उशीच्या अभ्र्यालाही तेच. महिनाभर जवस उकळून जे मिळतं ते बिनासॅटिनच्या स्कार्फमध्ये दोन दिवसांत जातं.

अनेर

शेवटचा प्रश्न. गावाकडे फ्रिज नाही किंवा असला तरी वीज जाते. जवसाचा जेल माठाच्या शेजारी ओल्या फडक्यात ठेवला तर?

पांझरा_धुळे

नाही टिकणार. ओल्या फडक्याने तो गार लागतो, पण आंबायचा थांबेल एवढा गार होत नाही. त्यापेक्षा लागेल तेवढाच करा: १ मोठा चमचा जवस, १२५ मिली पाणी, लहान कढल्यात चार-पाच मिनिटांत होतो. एका धुण्यापुरता. एवढ्याशा मापात पाणी भराभर आटतं, म्हणून हात ढवळत ठेवा आणि तार दिसली की लगेच उतरवा.

गॅसही नको असेल तर तेवढंच जवस अर्धी वाटी गार पाण्यात रात्रभर झाकून ठेवा. पातळ सुटतो, पण सुटतो. उन्हाळ्यात मात्र रात्रीच भिजवा आणि सकाळी लावून मोकळे व्हा. दुपारपर्यंत वाटी तशीच राहिली, तार धरेनाशी झाली आणि आंबूस वास आला, तर ती मोरीत.